स्थानिक व्यावसायिक आणि सरकारी शाळा यांच्या भागीदारीची सुरुवात नेमकी कुठून करावी?

प्रश्न: माध्यमिक शाळेतील शिक्षिका

सप्रेम नमस्कार. मी एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. परिसरातील व्यावसायिकांशी शाळेचे संबंध वाढवण्याची जबाबदारी यंदा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवली आणि आठवड्याभरातच तीन प्रस्ताव माझ्यासमोर आले. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे मालक शाळेला दहा संगणक देऊ इच्छितात. शालेय साहित्याचे एक विक्रेते वार्षिक क्रीडास्पर्धांचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत. त्या बदल्यात मैदानाच्या भिंतीवर वर्षभर आपल्या दुकानाचे नाव असावे आणि पालकांचे मोबाइल क्रमांक आपल्याला मिळावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. तिसरा प्रस्ताव एका छापखान्याचा आहे. कामाच्या हंगामातील दोन महिने नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर प्रशिक्षणासाठी आमच्याकडे पाठवावे, असे तेथील मालकांनी सुचवले आहे.

तिघांचाही हेतू चांगला आहे, असेच मी मानते. तरीही होकार देण्याआधी मला थांबावेसे वाटते आणि त्याला कारण आमचाच जुना अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका दात्याने दिलेले आठ संगणक आजही प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत कापडाखाली झाकलेले आहेत. उद्घाटनाच्या दिवशी ते सर्व सुरू होते. पुढच्या वर्षी त्यांतील दोन बंद पडले, मग एकेक करत बाकीचेही बंद पडत गेले. दुरुस्तीसाठी शाळेकडे तरतूद नव्हती, दात्याकडे पुन्हा मागायचे कसे हा संकोच होता आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद असल्यामुळे ते काढून टाकणेही सोपे नव्हते. शिवाय त्या संगणकांवर शिकवण्यासाठी वेळापत्रकात एकही तास कधी ठेवलेला नव्हता, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांना माझी विनंती आहे की, सुरुवात कुठून करावी, कोणत्या गोष्टी आधी लिहून घ्याव्यात, कोणत्या प्रस्तावाला नकार द्यावा आणि तो देताना माणूस दुखावला जाऊ नये म्हणून काय करावे, हे कृपया सविस्तर सांगावे. मुलांना याचा काही उपयोग झाला की नाही, हे कशावरून ओळखायचे, तेही मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक

बाई, वेळापत्रकात तास ठेवलेला नव्हता, हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मी मुख्याध्यापक असताना पुढे पुढे प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारू लागलो होतो: हे काम कोणत्या इयत्तेच्या, कोणत्या विषयाच्या, कोणत्या तासाला होणार आहे? याचे उत्तर देता आले नाही, तर ती वस्तू देणगी म्हणून स्वीकारावी किंवा स्वीकारू नये, पण तिला भागीदारी म्हणू नये. देणगीत कमीपणा काहीच नाही. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त करून देणाऱ्याचे आभारच मानले पाहिजेत. मात्र देणगी एका दिवसात देऊन संपते. भागीदारीचे तसे नाही. तिला वर्षभर दोन्ही बाजूंच्या माणसांचा वेळ लागतो, आणि तो वेळ कुठून काढायचा हे आधी ठरले नाही, तर उद्घाटनाच्या छायाचित्रापलीकडे काही उरत नाही.

बाहेरच्या देशांतील अनुभवही याच दिशेला बोट दाखवतात. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९८२ साली सार्वजनिक शाळा आणि व्यावसायिक यांच्यात ‘बॉस्टन कॉम्पॅक्ट’ नावाचा करार झाला. शाळांनी हजेरी वाढवायची, गळती कमी करायची, वाचन आणि गणितातील कामगिरी सुधारायची. व्यावसायिकांनी विद्यार्थ्यांना सुट्टीतील कामे द्यायची आणि शिक्षण पूर्ण करणाऱ्यांना नोकरीत प्राधान्य द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. नोकऱ्यांची बाजू व्यावसायिकांनी पाळली, परंतु गळती अपेक्षेप्रमाणे कमी झाली नाही, आणि त्या दशकाच्या अखेरीस कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा शाळांच्या कारभारातच बदल व्हावा, असा आग्रह व्यावसायिकांनी धरला. मी यातून एवढेच घेतो की, शाळेबाहेर मिळणारे बक्षीस कितीही मोठे असले तरी वर्गातला दिवस आहे तसाच राहिला, तर नववीत मागे पडलेल्या मुलाला त्या बक्षिसापर्यंत पोहोचताच येत नाही.

याच्या उलट, वर्गातला दिवसच बदलणारे एक उदाहरण आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते. ‘करिअर अकादमी’ या पद्धतीची सुरुवात १९६९ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील एका सार्वजनिक शाळेत, तेथील वीज कंपनीच्या साहाय्याने झाली. मोठ्या शाळेत मुलांचा एक छोटा गट करायचा, त्याला काही वर्षे तेच शिक्षक ठेवायचे, एखाद्या व्यवसायक्षेत्राला धरून नेहमीचे विषय आणि तांत्रिक विषय एकत्र शिकवायचे आणि परिसरातील व्यावसायिकांनी वर्षभर त्या गटासोबत राहायचे, अशी ही रचना आहे. ‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने नऊ शाळांतील १,७०० हून अधिक विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. प्रवेश सोडतीने दिले गेले असल्यामुळे अकादमीत गेलेली आणि न गेलेली मुले यांची तुलना विश्वासार्ह होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शाळा संपल्यानंतरच्या आठ वर्षांत अकादमीतील मुलांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त होती, आणि त्यांतील तरुण मुलग्यांच्या बाबतीत हा फरक सुमारे १७ टक्के होता. परीक्षेतील गुण किंवा शाळा पूर्ण करण्याचे प्रमाण मात्र अकादमीमुळे वाढले नाही.

हा दुसरा भाग मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्याला लवकरच कुणीतरी विचारेल की या उपक्रमामुळे निकाल किती टक्क्यांनी वाढला. त्या वेळी खोटी आशा दाखवू नये. व्यवसायातील माणसांच्या सहवासातून मुलांना मिळते ते वेगळे असते: प्रौढ माणसाशी कामाचे बोलता येणे, वेळ पाळणे, आपल्या हातून झालेले काम दुसरा कुणीतरी तपासणार आहे याची जाणीव ठेवणे. गुणपत्रिकेत या गोष्टींसाठी रकाना नसतो.

म्हणून माझा सल्ला असा की, तीनही प्रस्ताव क्षणभर बाजूला ठेवावेत आणि आपल्या सहकाऱ्यांना घेऊन एक कागद तयार करावा. नववी-दहावीच्या अभ्यासक्रमातील असे कोणते घटक आहेत, जे आपण फळ्यावर शिकवतो पण मुलांच्या हातात कधीच पडत नाहीत? मापन, टक्केवारी, विद्युत परिपथ, पत्रलेखन, हिशेब, जे असेल ते. तो कागद घेऊन आपणच व्यावसायिकांकडे जावे. मागणी शाळेची असली, म्हणजे बोलण्याचा सूरच बदलतो. एक गोष्ट आणखी. या कामासाठी मुख्याध्यापकांनी आपले आठवड्याचे दोन तास तरी मोकळे करून द्यायला हवेत, आणि हे त्यांना आपण आजच, स्पष्टपणे, सांगावे. शिक्षकाच्या पूर्ण भारावर आणखी एक काम चढवून उभी केलेली भागीदारी त्या शिक्षकाची बदली होताच बंद पडते. माझ्या शाळेत हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा चूक माझी होती.

उत्तर: यंत्रभागांचे कारखानदार

मीही यंत्रांचे भाग बनवतो, त्यामुळे आपल्याला संगणक देऊ करणाऱ्या गृहस्थांच्या मनात काय असेल, याचा मला थोडा अंदाज आहे. शाळेसाठी काहीतरी करावे असे मनापासून वाटते, पण काय करावे ते कळत नाही, आणि संगणक ही सगळ्यांना पटणारी वस्तू आहे. मीही एका शाळेला पहिल्यांदा वस्तूच दिल्या होत्या. पुढे तेथील विज्ञानाच्या शिक्षकांनी मला विचारले, “तुमच्याकडे व्हर्नियर कॅलिपर रोज वापरतात ना? आमच्याकडे एकच आहे आणि तो कपाटात असतो.” त्या एका वाक्याने माझे काम ठरले.

पहिल्या तासाला मी सहा कॅलिपर, म्हणजे वस्तू जबड्यांत धरून तिचे बारीक माप घेण्याची उपकरणे, आणि एक पिन, म्हणजे यंत्रात बसणारी धातूची गोल दांडी, घेऊन गेलो. ड्रॉइंगप्रमाणे पिनचा व्यास २० मिलिमीटर होता आणि १९.९८ ते २०.०० एवढ्याच मर्यादेत तो चालणार होता. बारा मुलांनी तीच पिन मोजली आणि प्रत्येकाने आपले माप फळ्यावर लिहिले. सर्वांत कमी माप १९.९० होते, सर्वांत जास्त २०.०६. वर्ग शांत झाला, कारण वस्तू एकच होती आणि उपकरणे सारखीच होती. मग एकेकाला पुन्हा मोजायला लावले आणि बाकीच्यांना फक्त पाहायला सांगितले. एकाने जबडे फार जोराने आवळले होते, एकीने पिन तिरकी धरली होती, दोघांनी बाजूने पाहून वाचन घेतले होते, आणि जबडे मिटले तरी एका कॅलिपरचा शून्यच जुळत नव्हता; तो कॅलिपर वापरलेल्या दोघांची मापे सारख्याच फरकाने चुकली होती. शिक्षकांनी पुढचा संपूर्ण तास त्याच बारा आकड्यांवर घेतला. सरासरी, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातील अंतर, आणि उपकरणाची चूक व हाताची चूक यांतील फरक, हे सगळे त्यातून शिकवून झाले.

दुसऱ्या वेळी मी रिजेक्शनची पेटी नेली. आमच्याकडे टॉलरन्समध्ये, म्हणजे मापाच्या ठरलेल्या मर्यादेत, न बसलेले भाग एका लाल पेटीत टाकतात आणि ते कुणाला दाखवायची आमची सवय नसते. शिकवण्यासाठी त्याहून चांगले साहित्य मला अजून सापडलेले नाही. एका मुलीने विचारले की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने कुणाचे काय बिघडते. मी तिच्या हातात एक बुश, म्हणजे पिन जिच्यात बसते ती पोकळ नळी, दिले आणि दोन पिना दिल्या, एक बरोबर मापाची आणि एक १९.९४ ची. पहिली पिन बोटाच्या दाबाने सरकत आत गेली आणि तिथे स्थिर राहिली. दुसरी सहज आत गेली आणि वरचे टोक धरून हलवले की डोलू लागली. वहीचे पान साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे जाड असते, म्हणजे हा फरक पानाच्या जाडीहूनही कमी होता, तरी तो बोटांना कळत होता. त्या मुलीने त्या दोन पिना बराच वेळ खाली ठेवल्या नाहीत.

मालकाच्या बाजूने खरे गणित काय आहे, तेही सांगतो. महिन्यातून अर्धा दिवस माझा किंवा माझ्या तपासणी विभागातील अनुभवी माणसाचा जातो. महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा मी कधीच येणार नाही, हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेला लिहून दिले आहे. शाळेनेही परीक्षांच्या तारखा मला आधी दिल्या. मुले कारखान्यात येतात तेव्हा एका वेळी बाराच येतात, सोबत शिक्षक असतात, पायांत बंद बूट असतात आणि चालू लेथच्या, म्हणजे धातू कातणाऱ्या यंत्राच्या, जवळ, जमिनीवर आखलेल्या पट्ट्याच्या आत, कुणालाही येऊ देत नाही. विमा शाळेच्या बाजूने आहे की माझ्या, हे आधी विचारून घेतले.

आणि माझाही स्वार्थ आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. हाताने काम करणारी आणि डोके चालवणारी मुले मला पुढे हवी आहेत. पण ती माझ्याकडेच आली पाहिजेत, अशी अट मी घातलेली नाही आणि कुणी घालू नये. त्यांतील कुणी अभियंता होईल, कुणी परिचारिका होईल, कुणी शिक्षक होईल. माप नीट घ्यायला शिकणे तिघांनाही उपयोगी आहे.

आपल्या गृहस्थांना एवढेच विचारून पाहा: संगणकांऐवजी महिन्यातला अर्धा दिवस आणि रिजेक्शनची पेटी मिळेल का? मला वाटते, ते हो म्हणतील, आणि त्यांना आनंदही होईल. संगणक तरीही देणार असतील, तर तीन वर्षांची देखभाल, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि संगणक निकामी झाल्यावर ते उचलून नेण्याची जबाबदारी त्याच पत्रात लिहून घ्या.

उत्तर: शाळा व्यवस्थापन समितीतील पालक

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रस्तावाबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे, कारण पालकांचे मोबाइल क्रमांक आणि मुलांची संध्याकाळ या दोन गोष्टी शाळेने द्यायच्या नसतातच.

शाळेत मूल स्वतःच्या मर्जीने बसलेले नसते. कायद्याने आणि आमच्या विश्वासाने ते तिथे असते. आवडले नाही तर उठून जायची मुभा त्याला नसते. म्हणूनच शाळेच्या आत केलेली जाहिरात रस्त्यावरच्या जाहिरातीपेक्षा वेगळी असते. अमेरिकेत १९९० पासून ‘चॅनल वन’ ही वाहिनी शाळांना दूरचित्रवाणी संच आणि उपग्रह-यंत्रणा विनामूल्य देत असे. बदल्यात रोज १२ मिनिटांचा बातम्यांचा कार्यक्रम वर्गात दाखवावा लागे आणि त्यांतील २ मिनिटे जाहिरातींची असत. आकडा लहान दिसतो. पण वर्षातील १८० शालेय दिवस धरले, तर १२ मिनिटांचे ३६ तास होतात आणि त्यांतील ६ तास निव्वळ जाहिराती. मुख्याध्यापक सर वेळापत्रकाची जी कसोटी सांगतात, ती इथेही लावून पाहा: त्या भागीदारीलाही वेळापत्रकात जागा होती, परंतु तो तास दुसऱ्याच्या कामासाठी वापरला जात होता. त्यामुळे तास कोणता, या प्रश्नाला जोडून, त्या तासाला काय शिकवायचे हे कोण ठरवणार, हाही प्रश्न विचारायला हवा.

या सीमारेषा कायद्यांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनीही आखलेल्या आहेत. भारतात कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, आपल्या उत्पादनांच्या वा सेवांच्या विपणनाचा लाभ मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरले जात नाही. म्हणजे प्रायोजकत्व द्यायला मनाई नाही, पण ते समाजकार्य म्हणून मोजायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या शिफारशींत, मुले जिथे एकत्र येतात अशा शाळांसारख्या जागा जास्त साखर, मीठ आणि मेद असलेल्या खाद्यपदार्थांच्या सर्व प्रकारच्या विपणनापासून मुक्त असाव्यात, असे म्हटले आहे.

आपल्या साहित्य-विक्रेत्यांना क्रीडास्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेत आभाराची एक ओळ देणे मला योग्य वाटते. वर्षभर भिंतीवर नाव ठेवणे योग्य वाटत नाही, कारण मग मुलांना वह्या तिथूनच घ्यायच्या आहेत असे वाटू लागते आणि ज्या पालकांना ते परवडत नाही त्यांची अडचण होते. मोबाइल क्रमांकांचा तर प्रश्नच उद्भवत नाही. आम्ही ते प्रवेशाच्या अर्जावर लिहिले, कारण मूल आजारी पडले तर शाळेने आम्हाला बोलवावे. दुकानाचे संदेश यावेत म्हणून नव्हे.

छापखान्याबद्दल माझे मत याहून कडक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाविषयीच्या करारात, म्हणजे करार क्रमांक १३८ मध्ये, सहाव्या कलमानुसार शिक्षणाचा वा प्रशिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या कामाला सवलत आहे. परंतु आस्थापनेत जाऊन काम करायचे असेल, तर वय किमान १४ वर्षे हवे, सक्षम अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या अटी पाळायला हव्यात आणि ते काम मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचा वा प्रशिक्षण कार्यक्रमाचा अविभाज्य भाग हवे. इथे अभ्यासक्रम कोणता आहे? शिकवणार कोण आहे? दोन महिन्यांनी मुलाला काय येईल, हे कुणी लिहिले आहे का? हंगामापुरते, शाळा सुटल्यावर, माणसे कमी पडतात तेव्हा केलेल्या कामाला श्रम म्हणतात, आणि त्यासाठी वेगळे कायदे आहेत.

जर्मनीची पद्धत यासाठी मुद्दाम पाहावी, कारण तिथे तरुण खरोखरच आस्थापनेत काम करतात. १९६९ च्या व्यवसाय-प्रशिक्षण कायद्याने तिथे लेखी प्रशिक्षण-करार, भत्ता, प्रत्येक व्यवसायाचा ठरलेला प्रशिक्षणक्रम आणि स्वतंत्र परीक्षा बंधनकारक केल्या आहेत. आठवड्यातील साधारण तीन-चार दिवस आस्थापनेत आणि एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत जातात, आणि परीक्षा मंडळात मालक, कामगार आणि शिक्षक या तिघांचेही प्रतिनिधी असतात. शिवाय ती मुले सक्तीचे शालेय शिक्षण पूर्ण करून तिथे आलेली असतात. एवढी चौकट असेल तेव्हा मूल कामाला जाते आणि शिकून परत येते. ही चौकट नसेल, तर छापखान्याने एक दिवस वर्गच आपल्याकडे बोलवावा आणि शाई, कागद, प्लेट, छपाईतील रंगांची जुळणी हे सारे दाखवावे. आम्ही पालक सोबत यायला तयार असू.

उत्तर: करिअर समुपदेशक

वरील उत्तरांना मी फक्त निवडीच्या मुद्द्याची जोड देते. कारखान्यात बाराच मुले जाऊ शकतात, असे कळले की शाळा नकळत पहिल्या बाकावरची बारा मुले पाठवते. त्यांच्या घरी आधीच कुणीतरी मार्ग दाखवणारे असते. ज्या मुलाच्या ओळखीत एकही अभियंता, लेखापाल किंवा तंत्रज्ञ नाही, त्याच्यासाठी ही भेट सर्वांत मोलाची असते आणि नेमके तेच मागे राहते. हजेरीपटाच्या क्रमाने पाठवा आणि वर्षअखेरीस एकही नाव सुटलेले नाही ना, ते तपासा. मुलींना यंत्रांकडे आणि मुलांना शुश्रूषेच्या क्षेत्राकडे नेणेही यातच आले.

भेटींचे प्रमाण किती असावे, यासाठी इंग्लंडमधील ‘गॅट्सबी’ मानदंड उपयोगी पडतात. २०१४ साली मांडलेले हे आठ मानदंड तेथील शासनाने २०१७ च्या करिअरविषयक धोरणात स्वीकारले. वयाच्या ११ व्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याची दरवर्षी किमान एकदा व्यवसायातील माणसांशी अर्थपूर्ण भेट व्हावी आणि १६ व्या वर्षापर्यंत किमान एका कामाच्या ठिकाणाचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, असे त्यांत तेव्हा अपेक्षित होते. ब्रिटनमधील एका पाहणीत असेही दिसले होते की, शाळेत असताना चार किंवा अधिक वेळा अशा भेटी झाल्याचे सांगणारे तरुण पुढे शिक्षण, नोकरी वा प्रशिक्षण यांपासून दूर राहण्याची शक्यता, एकही भेट न झालेल्यांच्या तुलनेत पाच पटींनी कमी होती. ती पाहणी आठवणींवर आधारलेली होती, त्यामुळे तिला पुराव्याचे वजन द्यायचे ते बेतानेच द्यावे. तरीही एका मोठ्या मेळाव्यापेक्षा वर्षानुवर्षे होत राहणाऱ्या छोट्या भेटी बऱ्या, हा माझाही अनुभव आहे.

उपयोग झाला की नाही, हे ओळखण्यासाठी मी एक साधा मार्ग वापरते. भेटीपूर्वी प्रत्येक मुलाला, त्याला माहीत असलेली कामे आणि ती करायला काय शिकावे लागते, हे एका पानावर लिहायला सांगते. वर्षअखेरीस तेच पान पुन्हा लिहून घेते आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून मुलांशी बोलते. पहिल्या पानावर बहुधा चार-पाच व्यवसाय असतात. दुसऱ्या पानावर व्यवसायांची संख्या वाढलेली दिसली नाही, तरी त्यांच्यापुढचे तपशील वाढलेले असले, तर काम योग्य दिशेने चालले आहे असे मी समजते.

नकाराविषयी एक सूचना आहे. नकार नेहमी लेखी नियमाच्या आधारे द्यावा. जाहिरात, वैयक्तिक माहिती आणि शाळेच्या वेळेबाहेरचे काम यांविषयीचा एक पानी ठराव व्यवस्थापन समितीने आधी संमत केला, म्हणजे आपल्याला कुणाच्या हेतूवर बोट ठेवावे लागत नाही आणि त्या माणसाला दुसऱ्या कामासाठी पुन्हा बोलावता येते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. आज मुख्याध्यापकांशी बोलले. आठवड्याचे दोन तास त्यांनी मान्य केले आहेत आणि ठरावाचा मसुदा समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवायचा आहे. साहित्य-विक्रेत्यांना कार्यक्रमपत्रिकेतील आभाराचा पर्याय कळवला; त्यांनी क्रमांकांचा आग्रह सोडला, भिंतीबाबत अजून काही सांगितलेले नाही. छापखान्याला वर्गभेटीविषयी पत्र लिहिते आहे.

कारखानदार साहेबांना एक विचारायचे आहे. आमच्या वर्गात ३६ मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. हजेरीपटाप्रमाणे बारा-बारांचे तीन गट केले, तर उरलेल्या चोवीस मुलांनी त्या वेळी काय करावे? मला कुणालाही नुसते बसवून ठेवायचे नाही.

यंत्रभागांचे कारखानदार

बाई, मलाही ही अडचण आली होती. मुख्याध्यापकांकडून जोडतास मागून घ्या, म्हणजे ७० मिनिटे मिळतील आणि प्रत्येक गटाला वीस मिनिटे देता येतील. एक गट कॅलिपरवर, दोघांत एक, म्हणजे सहा कॅलिपर पुरतात. दुसऱ्या गटाला साधी पट्टी आणि दोरा देऊन त्याच पिनचा परीघ मोजायला लावा आणि त्यावरून व्यास काढायला सांगा. पुढे कॅलिपर हातात आल्यावर आपला आकडा किती दूर होता, ते त्यांचे त्यांनाच दिसते. तिसऱ्या गटापुढे रिजेक्शनच्या पिना आणि ड्रॉइंग ठेवा आणि कोणती पिन कशामुळे नाकारली असेल, ते लिहायला सांगा. वीस मिनिटांनी गट बदलायचे. पिनांना तेल असते, म्हणून चिंध्या ठेवा, नाहीतर सगळ्यांच्या वह्यांवर डाग पडतात. आणि कॅलिपर शाळेत आणण्यापूर्वी एकाचा शून्य जुळत नाही ना, ते त्या गृहस्थांना पाहायला सांगा. तसा एखादा असेल, तर तो मुद्दाम आणायला सांगा.